कुलूप कोणी घातले?

गेली काही वर्षे आमच्या कोकणपट्टीतील धर्मग्रामांत एक तक्रार नेमाने ऐकू येते. सण असो वा वर्षश्राद्धाची मिस्सा, चहाचा पेला हाती आला की कोणी वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "फादर, आताची पोरं काही वाचत नाहीत. मोबाईलनं सगळं वाटोळं केलं." सभोवतालची मंडळी माना डोलावतात. आजवर आम्हीही डोलावत आलो. यापुढे डोलावणार नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. ज्या रत्नागिरीत 1828 साली वाचनालय स्थापन झाले आणि आज ते जिल्हा नगर वाचनालय या नावाने नांदते आहे, त्या रत्नागिरीतील आमच्या किती ख्रिस्ती घरांत गेल्या महिन्यात तिथले पुस्तक आले असेल? बोटांवर मोजण्याइतक्याच, अशी आम्हाला भीती वाटते. मुले वाचत नाहीत, हे खरे. पण तक्रार करणारे ते गृहस्थ तरी वाचतात काय? आणि त्यांच्यापुढे वेदीवरून बोलणारे आम्ही?

कबुली देणे आम्हाला प्राप्त आहे. मध्यंतरी दोनेक वर्षे आम्ही एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचले नाही. सेमिनरीत दिवे मालवण्याची घंटा झाल्यावर चोरून वाचणारे आम्ही, दहा पाने उलटताच जांभया देऊ लागलो. रविवारच्या प्रवचनाची सामग्री मोबाईलवर आयती मिळत होती. एके रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "फादर, ही गोष्ट तुम्ही मागच्या वर्षीपण सांगितली होती." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते शब्द अधिक लागले. ज्याची विहीर आटली आहे, त्याने दुसऱ्याच्या घागरीला नावे ठेवू नयेत, हे त्या दिवशी उमगले.

दोष मोबाईलचा म्हणावा, तर इतिहास आडवा येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इवाग्रियुस या तपस्व्याने मनाच्या मरगळीचे वर्णन करून ठेवले आहे. त्यातला संन्यासी वाचताना जांभया देतो, डोळे चोळतो, भिंतीकडे पाहत बसतो. पुन्हा थोडे वाचतो आणि किती पाने उरली ते मोजतो. मग अक्षराला नावे ठेवतो, आणि शेवटी तोच ग्रंथ मिटून उशाला घेऊन झोपी जातो. सोळाशे वर्षांपूर्वी त्या झोपडीत कोणता मोबाईल होता? वाचनाचा कंटाळा हा मनुष्याचा जुनाच सोबती आहे. मोबाईलने त्याला गुबगुबीत गादी दिली, इतकेच.

मग गुन्हेगार कोण? आमचे उत्तर अनेकांना रुचणार नाही. वाचनातला आनंद आम्ही वडीलधाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी मिळून काढून घेतला. वाचन म्हणजे औषध, वाचन म्हणजे गृहपाठ, वाचन म्हणजे स्पर्धेतला चषक, असे आम्ही मुलांना शिकवले. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य विचारले. आमच्याच एका धर्मग्रामात पुस्तकांचे कपाट होते. पुस्तके फाटतात म्हणून त्याला कुलूप लागले, आणि ते कुलूप दुसऱ्या कोणी नव्हे, आम्हीच लावले होते. काही वर्षांनी उघडले तेव्हा वाळवीने आपले वाचन पूर्ण केले होते.

आमच्याच परंपरेने याहून वेगळा मार्ग दाखवला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालले असता, एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विनंती करतो: हे शिक्षण उत्तमच आहे, परंतु आमच्या पूर्वीच्या पुराणांना आपण मनाई केलीत, मग मन रमवायला दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? हा प्रश्न आपल्या इतिहासातील एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. लोकांच्या हातून पोथ्या गेल्या होत्या आणि ती भूक धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांनी भागणारी नव्हती.

स्टीफन्स यांनी त्या गृहस्थाला दटावले नाही. त्याच्या मागणीला उत्तर म्हणून त्यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, त्याही त्याच लोकांच्या ओळखीच्या छंदात. हे पुराण 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले, आणि 1907 साली मंगळूरमध्ये ते पुन्हा छापून निघाले. तीन शतके एखादा ग्रंथ सक्तीने जगत नाही. तो गाऊन वाचला गेला, ऐकला गेला, आवडला, म्हणून जगला. आज तसे उठून पुस्तक मागणारा भाविक आम्हाला दिसत नाही. पण तो उठला, तर त्याला द्यायला आमच्याजवळ उपदेशाखेरीज काय आहे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. ते मुळात धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजलेले होते. मग त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून केले. केवळ कर्तव्य म्हणून, दुसरे कोणी आवश्यक म्हणतो म्हणून वाचण्याइतके अपायकारक काही नाही, असे त्यांचे सांगणे आहे. तरुणपणी, 1964-65 मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे येथे ते साहित्य शिकवत असत. मुलांना अभ्यासक्रमातले जुने महाकाव्य नको होते, त्यांना लोर्का हवा होता. तेव्हा त्यांनी महाकाव्य घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. अभ्यासक्रम सोडला नाही आणि मुलांनाही सोडले नाही. आमच्या शाळांनी व धर्मशिक्षणाच्या वर्गांनी यातून धडा घ्यावा.

येथे एक आक्षेप हमखास येतो. वाचायचेच तर धार्मिक वाचावे, कथा-कादंबऱ्या कशाला? आमची स्वतःची मरगळ ज्या पुस्तकाने मोडली, ते धार्मिक नव्हते. ते होते श्री. ना. पेंडसे यांचे 1952 सालचे 'गारंबीचा बापू'. कॉलेजात वाचलेली ती कादंबरी एका पावसाळी दुपारी सहज हाती आली आणि दिवेलागणीपर्यंत खाली ठेववली नाही. "फादर, तुम्ही आणि कादंबरी?" असे एकाने विचारलेच. आमचे उत्तर असे, की दापोलीकडच्या त्या खेड्यातला हट्टी, बदनाम, मानी बापू समजून घेतल्यावर पापनिवेदनाला आलेल्या माणसाचे आम्ही अधिक धीराने ऐकू लागलो. आणि ज्याच्या वाचनाची सवयच मोडली, तो शुभवर्तमान तरी कुठले सलग वाचणार? त्याच्या वाट्याला रोज सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रासह येणारे एक वचन तेवढे उरते.

दुसरा आक्षेप वेळेचा. मासळीच्या आणि आंब्याच्या हंगामात मान वर करायला सवड नसते, हे आम्ही जाणतो. पण पाऊस उभा राहिला, होड्या किनाऱ्याला लागल्या, की संध्याकाळ लांबते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी चातुर्मासात पोथी लावण्याची रीत आहे. आपल्याला कोणी अडवले आहे? रोझरी संपल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून घरातल्या एकाने दहा पाने मोठ्याने वाचावीत. याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांच्या संसाराची कथा, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', काढून पाहा. घरात हशा पिकला नाही तर आम्हाला दोष द्या.

ज्यांना वाचवत नाही, त्यांनी स्वतःला दोषी मानू नये. जाडजूड ग्रंथाने आरंभ करू नये. बाराव्या वर्षी जे आवडले होते ते पुन्हा उघडावे, मग ते कितीही बाळबोध असो. पुस्तक रुचले नाही तर खुशाल अर्ध्यावर सोडावे; अर्धे सोडलेले पुस्तक हे पाप नव्हे, त्यासाठी प्रायश्चित्त नाही. मुलांना तात्पर्य विचारू नये. आणि आमच्या धर्मगुरुबंधूंना विनंती, की कपाटांची कुलपे काढावीत. आम्ही आमचे काढले आहे. काही पुस्तके परत आली नाहीत. ती कोणाच्या तरी घरी आहेत, वाळवीच्या पोटात नाहीत, हे समाधान आम्हाला पुरेसे आहे.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एक इथिओपियन अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत असतो. अर्थ मात्र लागत नसतो. फिलिप रस्त्यावर उभा राहून त्याच्या अज्ञानावर प्रवचन झोडत नाही. तो धावत जातो, रथात चढतो आणि त्याच्या शेजारी बसतो. वाचायला लावण्याची याहून चांगली पद्धत आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून पुढच्या सणाला तो चहाचा पेला हाती आला आणि ती जुनी तक्रार कानी पडली, की आम्ही मान डोलावण्याऐवजी नम्रपणे विचारणार आहोत, "काका, आपण सध्या काय वाचता आहात?" वाचकहो, हा प्रश्न तुम्ही आम्हालाही विचारत जा.