संघ धन्याचा चालतो, मजुराचा खुपतो!

मजुरांनी संघ केला की धंदा बुडतो, असे शेटजींचे भाट सांगत फिरतात. त्यांस आमचा सवाल आहे: हा धडा घालून दिला कोणी? मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली सभा 1875 सालीच स्थापिली. तेव्हा धंदा बुडाला नाही! मग कुणब्याच्या पोराने तेच केले तर पाप कसे?

1884 साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळास गिरणी कामगारांची सभा भरविली. मागणे काय? आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, जायबंदी झाल्यास पोटाची तरतूद. साडेपाच हजारांनी सह्या केल्या. तरी सुटी मिळण्यास 10 जून 1890 उजाडला. ती धन्याची खैरात नव्हे!

आता 2020 सालचा कायदा पाहा. मजुराने संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी. पण तीनशेहून कमी माणसांच्या कारखानदारास कपातीसाठी सरकारची परवानगीही नको! हा कोणता न्याय?

बांधवहो, कारखान्यात राबणारा पोर तुमच्याच घरचा आहे. सणास घरी येईल तेव्हा पगार किती हे मागून पुसा. संघात नाव घातलेस काय, हे आधी पुसा.