मुका मोडेम आणि बोलका मोडेम

दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जोडून देणारा डायल-अप मोडेम पेण आणि रोहा या गावांच्या रोजच्या व्यवहारातून बाजूला पडला असला, तरी लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवताना आणि तो बसत नसेल तर दोष शोधताना जी शिस्त तंत्रज्ञांना अंगी बाणवावी लागली, ती शिस्त आजच्या दुरुस्तीच्या कामातून हरवत चालली आहे, आणि या अंकाचे संपादकीय त्या शिस्तीसाठीच खर्ची घालणे योग्य ठरेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते याच तारेवरून. अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. या ३० वर्षांत ‘मोडेम चालत नाही’ ही तक्रार ज्या उपायाने सर्वाधिक वेळा मिटवली गेली तो उपाय म्हणजे संपूर्ण यंत्र फॉरमॅट करून पुन्हा सगळे बसवणे. आणि त्या उपायाने दोष गेला तरी तो कुठे होता हे कोणालाच कळले नाही.

मोडेम म्हणजे संगणकाच्या अंकीय संकेतांचे तारेवर जाऊ शकणाऱ्या स्वरांत आणि त्या स्वरांचे पुन्हा अंकीय संकेतांत रूपांतर करणारे उपकरण. माणसाच्या बोलण्यासाठी आखलेल्या दूरध्वनीच्या तारेवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा उपलब्ध असतो आणि मोडेमला आपला सगळा कारभार तेवढ्यात उरकावा लागतो. पूर्वीच्या बाह्य मोडेममध्ये हे रूपांतर करणारी चिप आणि आज्ञा समजून घेणारा नियंत्रक असे दोन्ही पेटीतच असत, त्यामुळे लिनक्सला त्याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नसे. मागच्या सीरियल पोर्टला तार जोडली की काम सुरू होई. पुढे किंमत कमी करण्यासाठी कंपन्यांनी पेटीतील ही हुशारी काढून घेतली आणि रूपांतराचे सारे गणित संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवले. अशा मोडेमला सॉफ्टमोडेम किंवा, तो केवळ विंडोजचा ड्रायव्हर घेऊनच विकला जाई म्हणून, विनमोडेम म्हणत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्ही मोडेमच. तंत्रज्ञाच्या दृष्टीने मात्र पहिला स्वतः काम करणारा आणि दुसरा नुसता तारेचा खिळा, कारण त्याचा मेंदू ड्रायव्हरमध्ये असतो आणि तो ड्रायव्हर ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे मोडेमही नाही.

म्हणून शोधाची पहिली पायरी पेटीवरचे नाव वाचण्याची नाही, चिप ओळखण्याची आहे. एकाच नावाच्या कार्डावर दोन वर्षांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा आल्याची उदाहरणे या व्यवसायात नवी नाहीत. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -एन’ ही आज्ञा दिली की पीसीआय पट्टीवरील प्रत्येक कार्डाचा उत्पादक-क्रमांक मिळतो: ११सी१ म्हणजे ल्युसेंट, १४एफ१ म्हणजे कोनेक्संट, ८०८६ म्हणजे इंटेल. ल्युसेंटच्या चिपेला एक ड्रायव्हर, कोनेक्संटच्या एचएसएफ चिपेला दुसरा, आणि ज्या लॅपटॉपमध्ये मोडेम ध्वनिकार्डाच्या शेजारी एकाच साखळीत बसवलेला असे त्याला स्मार्ट लिंक कंपनीचा ‘एसएलमोडेम’ हा तिसराच मार्ग. ही ओळख पटेपर्यंत ड्रायव्हर शोधत फिरणे म्हणजे रोग्याला न तपासता औषध देणे होय, आणि त्यात गेलेल्या रात्रींचा हिशेब कोणत्याही बिलात लागत नाही.

दुसरी पायरी या संपादकीयाचा गाभा आहे. मोडेम गप्प आहे की बोलतो आहे, एवढा एकच प्रश्न आधी सोडवला तर उरलेल्या शोधाचे अर्धे क्षेत्र आपोआप गळून पडते. मिनिकॉमसारख्या साध्या टर्मिनल-प्रोग्रॅममधून पोर्टवर ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवावीत. हेज कंपनीने १९८१ साली आपल्या स्मार्टमोडेममध्ये आणलेली ही आज्ञांची पद्धत जवळपास सर्व मोडेमांनी स्वीकारली आहे. उत्तर ‘ओके’ असे आले, तर गाभ्याने, म्हणजे लिनक्सच्या कर्नलने, ड्रायव्हर उचलला आहे, पोर्ट बरोबर आहे आणि मोडेम ऐकतो आहे. काहीच उत्तर आले नाही तर मोडेम मुका आहे आणि दोष संगणकाच्या आत आहे: पोर्टचे नाव चुकले असेल, सीरियल पोर्टचा इंटरप्ट-क्रमांक दुसऱ्या उपकरणाशी भिडला असेल किंवा मॉड्यूल चढलेच नसेल. मात्र ‘नो डायलटोन’, ‘बिझी’ किंवा ‘नो कॅरियर’ असे शब्द जो मोडेम उच्चारतो त्याचा ड्रायव्हर जिवंत आहे, आणि तो पुन्हा पुन्हा काढून बसवण्यात काही अर्थ नाही. मध्य रेल्वेची हद्द रोह्यापाशी संपते आणि कोकण रेल्वेची तेथून सुरू होते. गाडी अडली तर ती हद्दीच्या अलीकडे अडली की पलीकडे, हे आधी विचारावे लागते, कारण त्यावरून कोणाला फोन करायचा ते ठरते. मोडेमचे ‘ओके’ हे तसे हद्दीचे स्थानक आहे.

‘नो डायलटोन’ या उत्तराकडे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. रिसीव्हर उचलल्यावर ऐकू येणारा भारतातील सूर ४०० हर्ट्झचा असून तो २५ हर्ट्झने थरथरवलेला असतो; अमेरिकेतील सूर ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन स्वरांच्या मिश्रणाचा असतो. सॉफ्टमोडेमचा ड्रायव्हर कोणत्या देशाचा सूर शोधायचा हे एका देश-क्रमांकावरून ठरवतो आणि तो क्रमांक अमेरिकेचा राहिला असेल, तर माणसाच्या कानाला स्वच्छ ऐकू येणारा पेणच्या एक्स्चेंजचा सूर त्या मोडेमला सूर वाटतच नाही. ‘एटी+जीसीआय=५३’ ही आज्ञा देऊन भारताचा क्रमांक लावला की हे अडलेले काम पुष्कळदा मार्गी लागते; ज्या चिपेला ही आज्ञा कळत नाही तिला ‘एटीएक्स३’ देऊन सुराची वाट न पाहता थेट नंबर फिरवायला लावता येते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी यात आणखी एक गुंता येतो. कारखान्याच्या आतला दूरध्वनी ईपीएबीएक्समधून, म्हणजे खासगी छोट्या एक्स्चेंजमधून, गेलेला असेल, तर आतला सूर बाहेरच्यापेक्षा निराळा असतो, बाहेर जाण्यासाठी आधी शून्य फिरवून एक स्वल्पविराम, म्हणजे मोडेमच्या भाषेत छोटी विश्रांती, द्यावी लागते, आणि ती जोडणी अंकीय पद्धतीची निघाली तर साधा मोडेम तिला लावणे मोडेमच्या जिवावर बेतू शकते. पेणचा कोड ०२१४३ आणि रोह्याचा ०२१९४, म्हणजे दोन्ही गावांची एक्स्चेंज वेगळी. म्हणून एखादा लॅपटॉप पेणच्या घरी जोडणी घेतो आणि धाटावच्या कचेरीत घेत नाही, एवढ्यावरून त्याच्या ड्रायव्हरवर ठपका ठेवता येत नाही. त्याला दुसऱ्या तारेवर नेऊन पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि सर्वांत कमी केली जाणारीही.

जोडणी लागते पण तुटते, किंवा लागूनही वेग मिळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा ऐकायचे ते तारेला. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. डीपीच्या पेटीत, म्हणजे खांबावरून घरांकडे तारा फुटतात त्या जागी, ओल शिरते, जोडांवर हिरवट गंज चढतो आणि बोलताना न जाणवणारी खरखर मोडेमला पुरती आंधळी करते. वेगाबद्दल आणखी एक कारण यंत्राच्या पूर्णपणे बाहेरचे असते. ५६ किलोबिटचे व्ही.९० हे मानक १९९८ मध्ये आले. ते गृहीत धरते की सेवादाराच्या बाजूने संकेत अंकीयच राहील आणि त्याचे स्वरात रूपांतर ग्राहकाच्या वाटेवर एकदाच होईल. एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये एकाच तारेवर दोन ग्राहक चालवणारे उपकरण बसवले असेल तर हे रूपांतर दोनदा होते आणि वेग व्ही.३४ या आधीच्या मानकाच्या ३३.६ किलोबिटच्या मर्यादेत येऊन थांबतो. अशा ग्राहकाला ड्रायव्हर बदलून देणारा तंत्रज्ञ अप्रामाणिक नसतो. त्याला तारेपलीकडचे कोणी सांगितलेले नसते. पावसाळ्यापूर्वीच्या विजांनी जळालेल्या मोडेमांची गोष्ट वेगळी: तेथे ‘एटी’ ला उत्तर येते, सूर मात्र कधीच येत नाही, आणि साधा फोन त्याच तारेवर व्यवस्थित चालतो.

मुक्या मोडेमच्या बाजूला सर्वाधिक त्रास कर्नलच्या आवृत्तीने दिला. लिनक्सचा ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये चढवला जाणारा एक मॉड्यूल, आणि ज्या कर्नलसाठी तो बांधला त्याच्यापेक्षा वेगळ्या कर्नलवर त्याला चढू दिले जात नाही. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा निरोप येतो. डिसेंबर २००३ मध्ये २.६ ही कर्नलची मालिका आली तेव्हा २.४ वर चालणारे कित्येक मोडेम एका रात्रीत मुके झाले. उपाय म्हणजे चालू कर्नलच्या हेडर फाइली घेऊन ड्रायव्हर पुन्हा बांधणे. पण त्या फाइली इंटरनेटवर आणि इंटरनेट त्या मोडेमवर, अशा कोंडीत सापडलेल्या तंत्रज्ञाला सीडीसाठी मुंबईची वाट धरावी लागे, आणि परत आल्यावर हेडरचा शेवटचा आकडा जुळत नाही असे दिसले तर पुन्हा तीच वाट. या कोंडीचे मूळ तंत्रज्ञाच्या अज्ञानात नव्हते. सॉफ्टमोडेमचे रूपांतराचे गणित कंपन्यांनी बंद ठेवले, त्यामुळे ड्रायव्हरचा एक तुकडा उघडा आणि एक तुकडा आधीच यंत्रभाषेत बांधून दिलेला, अशी जोडगोळी मिळे. एसएलमोडेममध्ये हेच होते. कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्सअँट कंपनीचा ड्रायव्हर मिळे, पण त्याची फुकट आवृत्ती १४.४ किलोबिटवर अडवलेली असे.

याच कंपनीच्या संदर्भात एप्रिल २००४ मध्ये एक बाब उघड झाली, तिचा अभ्यास प्रत्येक तंत्रज्ञाने करावा. मॉड्यूल आपला परवाना कोणता ते कर्नलला एका वाक्याने सांगतो. परवाना बंद असेल तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, अशी खूण करतो, जेणेकरून पुढे बिघाड झाल्यास शोध घेणाऱ्याला संशयाची जागा कळावी. लिनक्सअँटच्या मॉड्यूलमध्ये ‘जीपीएल’ या अक्षरांनंतर शून्य-वर्ण घातलेला होता; कर्नल तेथेच वाचन थांबवी आणि परवाना मुक्त आहे असे समजे, जरी पुढचा मजकूर ही मुक्तता थोड्याच फाइलींपुरती असल्याचे सांगत होता. वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात, असे कारण कंपनीने दिले. ते कारण खरे मानले तरी त्या एका वर्णाने दोष शोधणाऱ्याच्या हातातली खूण पुसली, आणि ज्याच्या हातून खूण पुसली जाते त्याच्या सोयीपेक्षा ज्याला दोष शोधायचा आहे त्याचा अधिकार मोठा मानला पाहिजे. या मासिकाची याबाबतची भूमिका स्पष्ट आहे: ज्या उपकरणाचा ड्रायव्हर कर्नलसोबतच मिळतो तेच उपकरण तंत्रज्ञाने ग्राहकाला सुचवावे, मग ते थोडे महाग का असेना.

जोडणी लागल्यानंतरचे दोष सोपे आहेत, कारण तेथे नोंदी बोलतात. पीपीपी, म्हणजे दोन टोकांमध्ये संवादाच्या अटी ठरवणारा नियमसंच, अडला की त्याची नोंद ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या निरोपांत, नाही तर प्रणालीच्या मुख्य नोंदवहीत पाहावी. अटींची मागणी पुन्हा पुन्हा जाऊन उत्तर येत नसेल तर समोरच्याने पीपीपी सुरूच केलेले नसते. ‘पॅप’, म्हणजे पासवर्डाची तपासणी, नाकारली गेली तर पासवर्ड चुकलेला असतो. आणि पत्ता मिळूनही पान उघडत नसेल, तर कचेरीतील लॅन-कार्डाने आधीच ठरवलेला बाहेरचा मार्ग पीपीपीने बदललेला नसतो. पेणच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांत हिशेबाचे दोन संगणक लॅनने जोडलेले असले की हे शेवटचे लक्षण हमखास दिसावे असे आहे.

डायल-अप गेल्यावर आलेल्या यूएसबी डोंगलांनी हेच प्रश्न नव्या वेशात आणले. डोंगल खोचले की ते आधी सीडी-ड्राइव्ह म्हणून दिसे, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यातच भरलेला असे. ‘यूएसबी-मोडस्विच’ने त्याला मोडेमच्या रूपात आणल्यावरच ‘एटी’ ला उत्तर मिळे, आणि पुढे ‘एटी+सीएसक्यू’ या आज्ञेने ० ते ३१ या मापात सिग्नल कळे. आज कारखान्यातील नियंत्रकाला किंवा दूरच्या मीटरला बसवलेला ४जी मॉड्यूलही याच आज्ञा ऐकतो, आणि आज लिनक्सवर ‘मोडेममॅनेजर’ हा प्रोग्रॅम सीरियल पोर्ट स्वतःच पकडून बसल्यामुळे उपकरण मुके वाटते, हे लक्षण नव्याने शिकण्यासारखे आहे.

पुढील अंकापासून या मासिकात वाचकांनी पाठवलेल्या दोष-नोंदींसाठी एक पान राखून ठेवले जाईल. नोंद मराठीत असावी, तिच्यात चिपेचा उत्पादक-क्रमांक, कर्नलची आवृत्ती, ‘एटी’ ला मिळालेले उत्तर, तार कोणत्या एक्स्चेंजची आणि ती दुसऱ्या तारेवर तपासली का, एवढे पाच तपशील असावेत. उपाय सापडला नसेल तरी नोंद पाठवावी, कारण पेणच्या तंत्रज्ञाला अडलेली जागा रोह्याच्या तंत्रज्ञाने गेल्याच महिन्यात ओलांडलेली असू शकते.