केसांच्या अहवालावरून मुलांवर उपचार नकोत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. आरोग्यसेवा आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,



मी बालरोगतज्ज्ञ आहे. बोलायला उशीर झालेल्या किंवा स्वमग्न मुलांचे आईवडील हल्ली माझ्यासमोर एक रंगीत अहवाल ठेवतात. मुलाच्या मानेवरचे चिमूटभर केस कापून कुरिअरने पाठवलेले असतात. अहवालात शिसे, पारा, अॅल्युमिनियम यांच्यापुढे लाल पट्टे, जस्तापुढे पिवळा, खाली गोळ्या-पावडरींची यादी आणि कधीकधी शरीरातले धातू ‘काढून टाकणाऱ्या’ उपचाराचा सल्ला. आई विचारते, “डॉक्टर, माझ्या हातून याच्या पोटात काय गेलं?” त्या कागदावरून याचं उत्तर मला देता येत नाही.

केस निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. १९७१-७२ साली इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं पेरणीचं धान्य लोकांनी दळून खाल्लं. साडेसहा हजार माणसं रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे बाधित मातांच्या लांब केसांचे बारीक तुकडे करून तपासल्यावर गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात अंगात किती पारा होता, हे उलगडलं. मिथाइल-पारा रक्तातून केसात जातो आणि तिथे पक्का बसतो, रक्तातल्या प्रमाणाच्या सुमारे अडीचशे पट. मासे खाणाऱ्या वस्त्यांची पाहणी करताना केस आजही भरवशाचे आहेत.

हा भरवसा पाऱ्याच्या या एका रूपापुरता आहे. बाकी बहुतेक धातूंच्या बाबतीत आतून आलेलं किती आणि बाहेरून चिकटलेलं किती, हे खात्रीने वेगळं काढता येत नाही. आर्सेनिकच्या पाण्याने नुसते केस धुतले तरी आर्सेनिक केसात भिनतं. जड पाण्याने न्हायलं की कॅल्शियम वाढतं. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांकडे पाठवले गेले, तेव्हा बारा खनिजांचे आकडे दहापटींहून जास्त फरकाने आले. आहाराचे सल्लेही परस्परविरोधी!

चुकीच्या आकड्यामुळे फक्त पैसे गेले असते, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. २००५ साली पेनसिल्व्हेनियात धातू काढण्याचं इंजेक्शन दिल्यावर पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा गेला. त्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम उतरलं आणि हृदय थांबलं. हे आपल्याकडे घडायची वाट कशाला पाहायची?

म्हणून विनंती अशी: केवळ केसांच्या अहवालावरून कोणत्याही मुलाला असा उपचार देता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा. अहवाल विकणाऱ्यांना त्याच्या मर्यादा पहिल्याच पानावर मराठीत छापायला लावा.

आईबापांची भीती मात्र खोटी नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे. ते कळायला शिरेतलं रक्त तपासावं लागतं. ही तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळू द्या; सुरुवात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या वस्त्यांतल्या मुलांपासून करा. माझ्याकडे आलेल्या अहवालांच्या प्रती, पालकांच्या संमतीने आणि नावं झाकून, आपल्या कार्यालयात आणून द्यायची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ