‘सिलेक्शन झालंय, लेटर यायचंय’ : कॅम्पसमधल्या तोंडी शब्दात नेमकं कोण अडकतं?

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून एक रस्ता पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांकडे जातो, दुसरा भोसरी एमआयडीसीवरून चाकणला. महापालिकेचं मुलींचं आयटीआयही कासारवाडीतच आहे. म्हणजे शिकायचं इथंच, नोकरीही इथंच. त्यामुळे कॅम्पसचा सीझन आला की या पट्ट्यातल्या घराघरात एक वाक्य ऐकू येतं, ‘सिलेक्शन झालंय, लेटर यायचंय.’

हे लेटर कधी आठवड्यात येतं, कधी सहा महिन्यांनी. कधी येतच नाही. तोवर पेढे वाटून झालेले असतात आणि कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर फोटोही लागलेला असतो.

मग एचआरने दिलेल्या तोंडी शब्दाला काही किंमत असते का? आणि शब्द फिरला तर नुकसान कोणाचं होतं?

शब्द कंपनीचा, अडकतो विद्यार्थी

बऱ्याच कॉलेजांमध्ये ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो. एका कंपनीत सिलेक्शन झालं की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. हेतू चांगला आहे. एकाच हुशार पोराने चार ऑफर घेऊन बसू नये, बाकीच्यांनाही संधी मिळावी.

पण अनेकदा हा नियम लेटर हातात पडल्यावर नाही, तर सिलेक्शनची यादी लागली की लगेच लागू होतो. म्हणजे कंपनीने अजून कशावरही सही केलेली नसते, पण विद्यार्थ्यासाठी बाकीचे दरवाजे बंद झालेले असतात. कंपनीने सहा महिन्यांनी ‘सध्या होल्डवर आहे’ असं कळवलं, तर तिचं फारसं काही बिघडत नाही. पोराचा मात्र अख्खा सीझन हातातून गेलेला असतो.

लेखी असूनही तारीख पुढे जाते

तोंडी शब्दाचं सोडा, लेखी ऑफर असूनही काय होतं याची दोन उदाहरणं अलीकडचीच आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचं पॅकेज देऊ केलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं. दुसरं उदाहरण इन्फोसिसचं. २०२२ च्या बॅचमधल्या सुमारे २ हजार जणांना ऑफर देऊनही जॉइनिंग मिळालं नाही, अशी तक्रार पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकच्या कामगार खात्याला लक्ष घालायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये जॉइनिंगच्या तारखा यायला लागल्या. तोवर दोन वर्षं गेली होती.

इथं निदान दाखवायला कागद होता. फक्त फोनवर ‘फायनल आहे’ ऐकलेल्या मुलाने काय दाखवायचं?

कायदा काय म्हणतो?

तोंडी करार बेकायदा नसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. अडचण येते पुराव्याची. ‘कळवतो’ हा होकार होता की नुसतं आश्वासन, हे सिद्ध कसं करणार? पगार, पद, तारीख ठरलेलीच नसेल, तर करार झाला असं म्हणणंही अवघड.

समजा, सिद्ध झालं. तरी खासगी कंपनीला ‘याला नोकरी द्याच’ असं कोर्ट सहसा सांगत नाही. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यात वैयक्तिक सेवेचे करार सक्तीने पाळायला लावता येत नाहीत. फार तर नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी वकील, तारखा आणि खर्च. पहिल्या नोकरीच्या शोधात असलेलं पोर त्या वाटेला जात नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं. पण हे संरक्षण कामावर घेतलेल्यांसाठी आहे. सिलेक्शन ते जॉइनिंग या मधल्या काळाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आयटीआयवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ‘आधी अप्रेंटिस करा, मग परमनंट करू’ हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात प्रशिक्षणाचा करार लेखी असतो आणि त्याची नोंदणी होते. पण कलम २२ नुसार प्रशिक्षणानंतर कोणाला घ्यायचं, हे कंपनीने आपल्या धोरणानुसार ठरवायचं असतं. प्रशिक्षणानंतर त्याच कंपनीत काम करायची अट करारात असेल, तरच कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन येतं. त्यामुळे सुपरवायझर काय म्हणाला यापेक्षा करारात काय छापलंय ते वाचायचं.

कंपन्या असं का करतात?

दरवेळी फसवण्याचाच हेतू असतो असं नाही. कॅम्पस होतो जॉइनिंगच्या कितीतरी महिने आधी. चाकणमधल्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला किती माणसं लागणार, हे गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर ठरतं. मॉडेल लांबलं किंवा ऑर्डर घटली की भरती थांबते. जो अजून मस्टरवर आलेला नाही, त्यालाच थांबवणं सगळ्यात सोपं असतं.

दुसरी बाजूही आहे. हो म्हणून ऐनवेळी न येणारे उमेदवारही कमी नाहीत. आयटीत ९० दिवसांच्या नोटिस पीरियडमध्ये दुसरी ऑफर शोधली जाते. मग गळती धरून कंपन्या जास्तीची नावं काढून ठेवतात. कंपनीचा उमेदवारावर भरवसा नाही, उमेदवाराचा कंपनीवर नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही हेच

हा खेळ फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलसाठी शाळकरी खेळाडूंची भरती होते. खेळाडू ‘मी या कॉलेजला कमिट झालो’ असं सोशल मीडियावर जाहीर करतो, पण हा तोंडी शब्द खेळाडूवरही बंधनकारक नसतो आणि कॉलेजवरही. दुसऱ्याशी बोलणी चालू ठेवता येतात, मन बदलता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं सह्या करायचा काळ ठरलेला असतो. तेव्हा कागदावर सही झाली की विषय मिटतो. २०२४ मध्ये तिथला जुना करारनामा बंद होऊन आर्थिक मदतीचा करार आला, पण सहीची तारीख राहिली.

आपल्याकडे तोंडी शब्दाने विद्यार्थी बांधला जातो आणि सहीची तारीख कोणालाच माहीत नसते.

मग करायचं काय?

फोनवर होकार आला की त्याच दिवशी एचआरला मेल टाकायचा : ‘आज आपलं बोलणं झालं, या पदासाठी, या पगारावर माझी निवड झाल्याचं आपण सांगितलं. लेटर कधीपर्यंत मिळेल?’ उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर तोही इशाराच. व्हॉट्सअॅपचे मेसेज डिलीट करायचे नाहीत, इलेक्ट्रॉनिक नोंदी अटी पाळून कोर्टात पुरावा म्हणून देता येतात. आधीची नोकरी असेल तर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको.

पण हे झालं एकेकट्याने करायचं. खरा बदल प्लेसमेंट सेलच्या हातात आहे. ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ ठेवा, पण तो नियम सिलेक्शनच्या यादीवर नको, पगार आणि जॉइनिंगची तारीख असलेल्या लेटरवर लावा. ठरलेल्या दिवसांत लेटर आलं नाही, तर विद्यार्थ्याला पुन्हा बसू द्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावला तरी पुरतं.