बाटलीवरचं आजीलाही कळलं पाहिजे

फिट येणाऱ्या मुलाला औषध कोण देतं? घरातली बाई. आई कामाला गेली असेल तर आजी. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. आणि सीमाभागातल्या कितीतरी आज्यांना फक्त मराठी वाचता येतं. बाटलीवर इंग्रजी, सरकारी दवाखान्यातल्या फलकावर कन्नड, चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर. यातलं तिच्यासाठी काहीच नाही.

फेफरे, आकडी म्हणजे मेंदूचा आजार, बाहेरची बाधा नव्हे. योग्य औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण औषध 'योग्य' ठरतं ते माप आणि वेळ सांभाळली तर.

आधी माप. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पोर वाढलं की तोही बदलतो. घरातले चमचे सगळे सारखे नसतात, म्हणून सिरप मापाच्या सिरिंजनेच द्यायचं. बाटलीवर '5 मिलीमध्ये 200 मिलिग्रॅम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती औषधाची ताकद. आपल्याकडे दाखवायचं कोल्हापूर-मिरजेला आणि औषध घ्यायचं निपाणी-खानापुरात, हे नेहमीचंच. दुकानात ती कंपनी नसली की दुसरी मिळते, आणि तिची ताकद वेगळी असू शकते. मग मिली तेवढेच, पण पोटात जाणारं औषध कमी किंवा जास्त! कंपनी बदलली तर आधी डॉक्टरांना फोन करा.

मग वेळ. 'सहा महिने फिट नाही, आता कशाला गोळ्या?' हा विचार सगळ्यात घातक. औषध अचानक बंद केलं तर न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकतं. साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर औषध कमी करायचा विचार करतात, तेही हळूहळू. एखादा डोस राहिला म्हणून पुढचा दुप्पट देऊ नका. जत्रेला, लग्नाला जाताना औषध सोबत घ्या. संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणून ठेवा.

आता तुमचं काम. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, या तिन्ही भाषा येणारी आपली पिढी आहे. शेजारपाजारी असं मूल असेल तर एक कागद घ्या. मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: औषधाचं नाव, ताकद, किती मिली, किती वाजता. सिरिंजवर खूण करून द्या. कागद एकदा डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला दाखवून घ्या, मग कपाटाच्या दारावर चिकटवा. आजीच्या मोबाइलवर अलार्म लावा. खाली हेही लिहा: फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

हे दवाखान्यानंच करायला हवं, खरं आहे. ज्या तालुक्यात एखादा भाषिक अल्पसंख्याक समाज 15 टक्क्यांहून जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्याच्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत आहेच. त्यासाठी अर्ज करूच, पाठपुरावाही करू. पण त्या पोराचा रात्रीचा डोस अर्जाच्या उत्तरासाठी थांबणार नाही. कागद आजच लिहा.