दोष स्पीकरचा की खोलीचा?



गेल्या वर्षी लोकवर्गणीतून आमच्या शाळेने एक स्पीकर घेतला. दुकानात तो इतका सुरेख वाजला की आम्ही लगेच म्हणालो, "हाच द्या." वर्गात लावून इंग्रजीची गोष्ट सुरू केली, तर शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणते, "बाई, आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत." पालकसभेत "स्वस्तातला माल उचललात" हेही ऐकावं लागलं. पैसे त्यांचेच, त्यामुळे मी गप्प. स्पीकर परत दुकानात नेला, तर तिथे पुन्हा सुरेख! आता काय बोलणार?

दुकानातली ती खोली आठवली. खाली गालिचा, जाड पडदे, गुबगुबीत सोफा. आणि आमचा वर्ग? गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, उघड्या भिंती. एक शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्यात मिसळणारच.

हे काही नवीन नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात आवाज साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा, व्याख्यान समजायचंच नाही. १८९५ साली हे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्यांनी सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढतील तसा वेळ कमी होत गेला. माणसंही गाद्यांसारखाच आवाज शोषतात. आम्ही मात्र स्पीकर कुठे ठेवायचा हे रिकाम्या वर्गात ठरवलं होतं!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दुकानात ऐकून किंवा कुणीतरी दिलेले तारे मोजून स्पीकर पारखू नये. ते तारे त्याच्या खोलीचे असतात. शक्य असेल तर आपल्याच खोलीत, आपली माणसं बसलेली असताना ऐकावा. दोन स्पीकर ताडून बघताना आवाज सारखा ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो. घरी "बेस फार घुमतो" अशी तक्रार असेल तर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून बघा. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यामध्ये आपोआप फुगतो. त्यात स्पीकरचा काय दोष? (आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. उपयोग जेमतेम, आणि पेटतात मात्र पटकन.)

आम्ही दुसरा स्पीकर घेतला नाही. घराघरांतून जुने जाड पडदे मागवले, मागच्या भिंतीवर सतरंजी टांगली, स्पीकर कोपऱ्यातून काढून मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवला. खर्च फक्त खिळे आणि दोरीचा. मग त्याच मुलीला विचारलं, "आता?"

"आता कळतंय बाई. पण पंखा बंद करा ना."