बांधावरचे सोबती : मिरगाचा किडा

रोहिण्या सरतात, ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि पहिली चांगली सर पडली की आष्टी-पाटोद्याच्या माळावर, केज-धारूरच्या बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. हाच आपला मिरगाचा किडा. पोरे त्याला काडेपेटीत भरतात. बोट लावले की पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो.

किडा म्हणतो खरे, पण त्याचे पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे तो विंचू, कोळी, गोचीड यांच्या गोतातला. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीत दडून असतो. माती भिजली की थोडेच दिवस वर येतो. त्याच पावसात पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, ती तो खातो, जोडी जमवतो आणि पुन्हा मातीत जातो. तिथेच मादी अंडी घालते. पिल्लांना मात्र पाय सहाच. ती नाकतोड्यासारख्यांच्या अंगाला चिकटून रस शोषतात, मग गळून पडतात आणि मातीत वाढतात. पिकाला हा तोंड लावत नाही, माणसाला चावत नाही. वांग्याच्या पानाखाली जाळी करणारा लाल कोळी वेगळा, तो जेमतेम सुईच्या टोकाएवढा. त्याच्यावरचा राग याच्यावर काढू नका.

छत्तीसगडात याला राणी कीडा म्हणतात. औषधी तेलासाठी गोळा करून विकतात. विणीचे दिवस हेच, तेव्हा भरलेली प्रत्येक काडेपेटी म्हणजे पुढच्या मृगाची तूट. जमिनीत टाकायच्या दाणेदार विषाला तर आपला-परका कळतच नाही. त्यातल्या फोरेटवर २०२० अखेर बंदी आली. जुनी पिशवी माळवदावर पडली असेल तर ती वापरू नका.

आता पेरणीचे. किडा दिसला की चाड्यावर मूठ धरायची, अशी जुनी रीत. पण तो वरची माती भिजली तरी येतो. परभणीचे कृषी विद्यापीठ सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आपल्या बीडकडे मृग बरसून पुढे पंधरा-पंधरा दिवस डोळे वटारतो, आणि दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीनेच येते. तेव्हा काडेपेटी रिकामी करायला पोराला बांधावर धाडाल, तेव्हा हाती खुरपे द्या. वीतभर उकरून ओल कुठवर गेली ते बघून येऊ दे.